मोटारसायकल चालवताना हात बधिर होऊ नयेत म्हणून

पुण्याहून कोल्हापूरला मोटारसायकलने निघालेल्या माणसाच्या हातांना खंबाटकी घाट ओलांडेपर्यंत मुंग्या येऊ लागल्या, तर तो बहुधा इंजिनाच्या थरथरीला दोष देतो आणि परतल्यावर जाड, मऊ ग्रिप विकत आणतो. थरथर हे कारण असते खरे, पण ते एकटे क्वचितच असते. शरीराचा भार हातांवर पडत असेल, मनगट वाकलेले असेल आणि मूठ आवळलेली असेल, तर नव्या ग्रिपने फारसे साधत नाही. त्यामुळे आधी बसण्याची पद्धत, मग लिव्हरचा कोन आणि सर्वांत शेवटी खरेदी, असा क्रम ठेवावा.

सुरुवातीला नेमकी कोणती बोटे बधिर होतात ते पाहावे. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू बधिर होत असेल, तर मनगटातील कार्पल टनेल या अरुंद बोगद्यातून जाणाऱ्या मीडियन नसेवर ताण येत असतो, आणि त्यामागे बहुतेक वेळा वाकलेले मनगट असते. करंगळी व तिच्या बाजूची अर्धी अनामिका बधिर होत असेल, तर तळहाताच्या मनगटाकडील भागावर भार देऊन बसण्याची सवय तपासावी, कारण तेथून अल्नर नस जाते. केवळ उजव्या हाताची तक्रार असेल तर ॲक्सिलरेटर धरण्याची पद्धत पाहावी; केवळ डाव्या हाताची असेल, आणि तीही शहरातल्या गर्दीत, तर क्लच जड झाला आहे असे समजायला हरकत नाही.

बसण्याची परीक्षा घरीच घेता येते. गाडी मेन स्टँडवर लावून नेहमीप्रमाणे बसावे आणि दोन्ही हात हँडलवरून दोन बोटे वर उचलावेत. धड पुढे कोसळू लागले, तर तेवढा भार आपण रोज तळहातांवर देत आहोत असे समजावे. हा भार पोटाच्या व पाठीच्या स्नायूंनी पेलायला हवा आणि गुडघ्यांनी पेट्रोलची टाकी दोन्ही बाजूंनी हलकेच दाबून धरायला हवी, म्हणजे ब्रेक लावताना शरीर हातांवर सरकत नाही. कोपरे ताठ नसावीत. सरळ, मोकळ्या रस्त्यावर ती अधूनमधून किंचित वरखाली करून पाहावीत, कारण ती हलत नसतील तर खांदेही आखडलेले असतात. चालत्या गाडीचे पुढचे चाक बऱ्याच अंशी स्वतःच सरळ राहते, त्यासाठी हँडल करकचून धरावे लागत नाही. पाठीवरची जड सॅकही येथे दोषी असते: तिचे पट्टे खांदे मागे ओढतात आणि माणूस तोल राखण्यासाठी हँडलला लोंबकळतो. ती मागच्या सीटवर बांधावी.

आता लिव्हर. हँडलवर हात ठेवून बोटे लिव्हरवर सरळ पसरली असता कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक रेषा दिसली पाहिजे. अनेक गाड्यांमध्ये लिव्हर इतकी वर बसवलेली असते की बोटे तिच्यावर ठेवताच मनगट मागे मोडते. क्लचच्या बाजूला होल्डरचा बोल्ट थोडा सैल करून लिव्हर खाली फिरवावी आणि बोल्ट पुन्हा बेताने आवळावा. आरसा त्याच होल्डरवर असेल तर तोही नव्याने लावावा लागतो. त्यानंतर हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून केबल ताणली जात नाही ना, हे न चुकता पाहावे. पुढच्या डिस्क ब्रेकची लिव्हर मात्र ऑइलच्या डबीसह फिरते व डबी फार कलून चालत नाही, त्यामुळे ते काम मेकॅनिककडे सोपवणे बरे. क्लच केबलमध्ये तेल सोडणे आणि गाडीच्या पुस्तिकेत दिल्याइतकी ढील ठेवणे ही कामे किरकोळ वाटतात, पण सिग्नलमागून सिग्नल पार करणाऱ्या डाव्या हाताला त्यांचा मोठा आधार असतो. लांब सिग्नलला गाडी न्यूट्रल करावी, क्लच दाबून उभे राहू नये.

थरथर कमी करण्यासाठी टायरमधील हवा, चाकांचे बॅलन्सिंग, चेनचा ताण, इंजिन सांगाड्याला घट्ट धरणारे फाउंडेशन बोल्ट आणि हँडलच्या टोकांची वजने तपासावीत. ही वजने शोभेची नसतात, तरी आरसे बदलताना काढलेली पुष्कळदा परत बसवली जात नाहीत. एकाच सिलिंडरच्या मोठ्या इंजिनात थरथर अंगभूतच अधिक असते. रॉयल एन्फील्डनेही २०२० साली आलेल्या मीटिऑर ३५० च्या इंजिनात ती कमी करण्यासाठी बॅलन्सर शाफ्ट दिला. विशिष्ट वेगालाच हँडल झिणझिणत असेल, तर वेग थोडा कमी करावा किंवा गिअर बदलावा.

हातमोजे तळव्याशी घड्या न पडणारे, पण बोटांच्या बेचक्यांत न रुतणारे असावेत. हिवाळ्यात पहाटे निघताना वारा अडवणारे मोजे हवेतच, कारण गारठ्याने बोटांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. जाड ग्रिपबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे: लहान पंजाच्या माणसाला ती धरण्यासाठी अधिक जोर लावावा लागतो आणि त्रास उलट वाढतो.

लांबच्या प्रवासात तासाभराने थांबावे, हात खाली सोडून झटकावेत, मुठी उघडाव्या-मिटाव्यात. वाटेत बधिरपणा जाणवल्यास एक हात सोडून झटकत बसण्यापेक्षा गाडी कडेला घेणे सुरक्षित, कारण बधिर बोटांना ब्रेकचा अंदाज येत नाही.

गाडीवरून उतरल्यावरही मुंग्या राहत असतील, रात्री त्यांनी झोपमोड होत असेल, हातातून वस्तू निसटत असतील किंवा बोटे पांढरीफटक पडत असतील, तर डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह, थायरॉइडची कमतरता आणि गरोदरपण यांतही मनगटातील नस दबू शकते, आणि कधी दुखण्याचे मूळ मानेत असते. छातीत जडपणा किंवा धाप यांच्यासह डावा हात बधिर झाला, तर गाडी तेथेच उभी करून तातडीने रुग्णवाहिका बोलवावी.