सणाचं गोड ऐनवेळी का फसतं? पुरणापासून बेबिंकापर्यंत या चुका टाळा

सण जवळ आला की घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच धोशा, प्रमाण सांगा प्रमाण. मग कोणीतरी काकू "एकाला एक" लिहून मोकळ्या होतात, आणि ते प्रमाण बरोबरच असतं, तरी पोळी फुटते, मोदकाला तडा जातो, अनारसा तुपात हसतो. कारण बहुतेक वेळा घोळ प्रमाणाचा नसतोच, पाण्याचा असतो. कुठे ते निथळलेलं नसतं, कुठे आटलेलं नसतं, तर कुठे नको तितकं सुकवून टाकलेलं असतं. म्हणून खाली जे काही लिहिलंय त्यात वाटी-चमचे कमी आणि ओलं-कोरडं जास्त आहे.

पुरण सैल झालं

एक वाटी चणाडाळीला एक वाटी गूळ, गोड कमी खात असाल तर पाऊण, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. डाळ शिजली की चाळणीत ओतायची आणि दहा-पंधरा मिनिटं तिला हातही लावायचा नाही. इथेच घाई होते. आमटीपुरता कट मिळाला की लगेच डाळ कढईत जाते, तिच्यात पाणी असतंच, वरून गूळ वितळून आणखी पातळ होतं, आणि मग अर्धा तास ढवळत बसलं तरी पुरण आटता आटत नाही. उलथणं मधोमध रोवलं आणि आधार न देता उभं राहिलं की गॅस बंद. त्यापुढे आटवू नका, पुरण गार होताना अजून आळतं, आणि कोरडं पुरण लाटताना भुगा होऊन पोळीबाहेर येतं.

पुरणयंत्रातून काढायचं ते गरम असतानाच. गार झालं की हात भरून येतात, मग कोणीतरी दुधाचा हात लावून मिक्सरमधून फिरवतं आणि आटवलेलं सगळं वाया. सैल झालंच तर परत कढईत घालून मंद आचेवर परता, किंवा परातीत पसरून पंख्याखाली ठेवा. भाजलेलं बेसन घालून सावरता येतं, पण चव बदलते, आणि घरातल्या जाणकारांना पहिल्या घासाला कळतं.

दुसरी भानगड कणकेची. पुरण जितकं मऊ तितकीच कणीक मऊ हवी, एवढा एकच नियम. चपातीच्या कणकेसारखी घट्ट ठेवली तर पुरण कडेपर्यंत जात नाही, मधे ढीग आणि कडेला नुसता कागद. सैल भिजवून, तेल लावून चांगली तिंबायची आणि तास-दोन तास झाकून ठेवायची. खानदेशात मांडे करणाऱ्या बायका बघा, कणीक इतकी सैल आणि लवचिक असते की गोळा हातांवर फिरवत फिरवत मोठा करतात आणि उलट्या खापरावर टाकतात. तेवढं आपल्याला जमणार नाही, पण कणीक सैल असली म्हणून घाबरायचं नाही एवढं तरी त्यातून घ्यावं.

संक्रांतीच्या गुळपोळीला मात्र गणित उलटं. तिथे सारणात पाणी नकोच, किसलेला गूळ, तिळाचं कूट आणि खमंग भाजलेलं बेसन. चिक्कीचा गूळ यात अजिबात वापरू नका, पोळी गार झाली की दाताला लागते. आणि गूळ बाहेर येऊन तव्यावर जळला तर तसाच ठेवून पुढची पोळी टाकू नका, तवा पुसा, नाहीतर पुढच्या प्रत्येक पोळीला तो कडू वास.

मोदकाला तडा जातो

तांदळाच्या पिठीला तेवढंच पाणी, त्यात मीठ आणि चमचाभर तूप. पाणी खळखळून उकळल्यावरच पिठी घालायची, ढवळून झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं वाफ आणायची. कोमट पाण्यात पिठी घातली की उकड कच्ची, मग कितीही मळा. आणि मळायची ती हाताला चटका बसेल अशी गरम असताना, वाटीच्या बुडाने रगडली तरी चालतं. गोळा चपटा करून बघा, कडेला चिरा पडल्या तर उकड कोरडी आहे, पाण्याचा हात लावून परत मळा. कळ्या पाडताना उरलेली उकड ओल्या फडक्याखाली ठेवायला लोक हमखास विसरतात.

सारण ओलं राहिलं तर वाफेत मोदक खालून फुटतो आणि गुळाचं पाणी पानावर येतं. दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी गूळ, ओलेपणा जाईपर्यंतच परतायचं. जास्त परतलं की त्याच सारणाचे खडे होतात. परदेशातल्या मंडळींसाठी: फ्रोझन खोबरं पूर्ण वितळू द्या आणि गूळ घालायच्या आधी कढईत जरा परतून पाणी उडवा. तांदळाचं पीठ एशियन दुकानातून आणताना पाकिटावर ग्लुटिनस लिहिलं असेल तर ते ठेवून द्या, ते चिकट तांदळाचं असतं, त्याची पारी उभीच राहत नाही.

अनारसा हसला

अधिक मासात जावयाला 33 अनारशांचं वाण द्यायचं असतं आणि नेमका तेव्हाच तो हसतो, म्हणजे तुपात सोडला की पसरून विरघळायला लागतो.

तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग निथळून कापडावर सावलीत पसरायचे. हातात घेतल्यावर दमट लागले पाहिजेत पण हाताला पाणी लागता कामा नये, त्याच अवस्थेत दळायचे. खडखडीत वाळले तर पीठ गूळ धरत नाही, जास्त ओले असतील तर गूळ घालताच चिखल. पीठ चाळून किसलेला गूळ मिसळून घट्ट गोळा करायचा आणि डब्यात पाच-सहा दिवस मुरू द्यायचा. आज दळून उद्या अनारसे, असे व्हिडिओ बघून कोणी जाळीची अपेक्षा ठेवू नये, मुरल्याशिवाय ती जाळी येत नाही.

तळताना आधी एकच सोडून बघा. हसला तर पिठात थोडी तांदळाची पिठी मळा आणि परत एकच सोडा. उलट कडक झाला, जाळी पडली नाही, तर साय किंवा चमचाभर कुस्करलेलं केळं. तूप मध्यम तापलेलं, खसखशीची बाजू वर, आणि उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. तळून झाल्यावर चाळणीत उभे ठेवा, आडवे रचले की तूप आतच राहतं.

लाडू आणि श्रीखंड

बेसनाच्या लाडवाला घाई एकाच ठिकाणी होते, गरम बेसनात साखर घालण्यात. साखर विरघळते, सगळं पातळ होतं, मग वळता येत नाही म्हणून अजून बेसन भाजून घालायचं आणि लाडवांचा डोंगर. कोमट होऊ द्या. टाळूला चिकटतात ही तक्रार असेल तर बेसन जाडसर घ्या आणि भाजत आलं की दुधाचा हबका मारा, फसफसून दाणेदार होतं.

श्रीखंड पातळ होण्याचं कारण चक्का अर्धवट टांगलेला. साखर घातली की ते आणखी सुटणारच आहे, तेव्हा चक्का सुरुवातीला घट्टच हवा. उन्हाळ्यात बाहेर रात्रभर टांगला तर आंबट होतो, फ्रिजमध्ये चाळणीत बांधून ठेवा. मिक्सर नको, पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून काढा.

बेबिंका, निनावं आणि चिकाचा हलवा

गोव्याच्या बेबिंकाला, म्हणजे एकावर एक थर भाजून केलेल्या गोडाला, 2023 मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, पण नाताळात घरी करणाऱ्यांचा जीव अजून थर मोजण्यातच जातो. सात तरी हवेतच, काही जण सोळापर्यंत जातात. माझं मत, सात नीट झाले तर पुष्कळ. नारळाचं दाट दूध, अंड्याचे बलक, साखर, मैदा, जायफळ आणि भरपूर तूप. साखर घातलेलं नारळाचं दूध गरम असतानाच बलकात ओतलं की अंडं शिजून गाठी होतात, गार करून ओता आणि शेवटी गाळून घ्या. मैदा तळाशी बसतो, म्हणून प्रत्येक थराआधी मिश्रण ढवळायचं, नाहीतर पहिले थर पातळ आणि शेवटचे पिठाळ. खालचा थर वरून तपकिरी झाला, बोटाला चिकटेनासा झाला, की त्यावर चमचाभर तूप आणि मगच पुढचा थर. ओव्हनमध्ये करत असाल तर पहिल्या थरानंतर फक्त वरची आच ठेवा, पूर्वी वर निखारे ठेवायचे ते याचसाठी. आणि गरम असताना कापू नका, थर घसरतात. दुसऱ्या दिवशी कापला तर सुरीला सरळ रेषा मिळते.

सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांत श्रावणात होणारं निनावं यातलंच म्हणायला हवं, नारळाचं दूध, गूळ, बेसन, कणीक, आणि तेही वर-खाली निखारे ठेवूनच व्हायचं. त्यात चुकतं ते मिश्रण आटवण्यात. पातळ असतानाच भाजायला ठेवलं तर वर खरपूस आणि आत लापशी.

कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, घरांत रोश हशानाला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, चिकाचा हलवा होतो. भिजवून वाटलेल्या गव्हाचा चीक, नारळाचं दूध, साखर, वेलची. गाईचं दूध नाही, कारण मांसाच्या जेवणाबरोबर दूध चालत नाही, तेव्हा "नारळाचं नसेल तर साधं घाला" हा सल्ला इथे देऊ नका. चीक बसला की वरचं निवळ पाणी पूर्ण ओतून टाकायचं, ते राहिलं तर हलवा थाळीत थापल्यावर सेट होत नाही. कढईची कड सोडेपर्यंत ढवळायचं, हात बदलायला दुसरं माणूस असलेलं बरं. हल्ली बरेच जण चायनाग्रास (अगर-अगर) वापरतात, तो आधी पाण्यात पूर्ण विरघळवून मगच घाला, नाहीतर दाताखाली तुकडे येतात.

शीरखुर्मा

ईदच्या सकाळी पातळ दिसला म्हणून शेवया वाढवल्या आणि पाहुणे येईपर्यंत चमचा उभा, हे दरवर्षीचं. शेवया बसल्या बसल्या दूध पीत राहतात, म्हणून तुपात भाजून शेवटी आणि हात राखूनच घाला. खारीक आदल्या रात्री भिजवा. चारोळी घालण्याआधी एक दाणा चावून बघा, ती पटकन खवट होते आणि एवढं आटवलेलं दूध सगळं कडवट करते. घट्ट झालाच तर गरम दूध घालून सैल करा, गार नको, आणि साखर परत चाखून बघा.