जर्मनीला निघताय? तालीम नाशकातच करून जा

ऑफर लेटर हातात पडलं की आपल्याकडे पहिली चौकशी होते ती बॅगेच्या वजनाची. कुकर तीन लिटरचा न्यावा की पाचचा, थर्मल कुठे स्वस्त मिळतील, वगैरे. दुसरी पगाराची. तिसरी, 'तिकडे व्हेज मिळतं का हो?' तिकडच्या ऑफिसात बोलायचं कसं, हे मात्र कुणी विचारत नाही. इंग्रजी येतं ना, मग झालं!

मी अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बरीच वर्षं प्रशिक्षण विभाग सांभाळला. निवृत्तीनंतर गंगापूर रोडच्या घरी शनिवारी जर्मनीला निघालेल्या मुलामुलींची तयारी करून घेते. कामात वाघ असलेली ही मंडळी तिकडे अडतात ती बोलण्या-वागण्याच्या सवयींपाशी. सवय वाचून सुटत नाही. तिची रंगीत तालीमच करावी लागते, मोठ्याने, समोर माणूस बसवून. व्हिसाच्या कामात दोन-तीन महिने जातातच, ते यासाठी वापरा.

कंपनी एखाद्या दिवसाचं प्रशिक्षण देते. ते जरूर घ्या. त्यात हस्तांदोलन कसं करावं, काटा-चमचा कसा धरावा हे असतं आणि गेर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाचा तक्ता हमखास असतो. आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून त्यांनी निर्देशांक काढले. वरिष्ठ-कनिष्ठांमधलं अंतर लोक किती गृहीत धरतात, या मोजमापावर भारताला 77 गुण आहेत, जर्मनीला 35. आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. पण 77 वरून 35 वर उतरायचं कसं, ते तक्ता सांगत नाही. शिवाय एका कंपनीच्या नोकरदारांवरून काढलेला आकडा तुमच्या होणाऱ्या बॉसला तंतोतंत लागू पडेल, अशीही खात्री नाही.

तालमीला जोडीदार निवडताना भीड न बाळगणारा माणूस घ्या. धाकटी बहीण उत्तम. तीन प्रसंग बसवायचे.

पहिला प्रसंग मुदतीचा. सिन्नरच्या एका सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या) प्रोग्रॅमरची तालीम सांगते. मी बॉस झाले आणि विचारलं, "हा प्रोग्राम शुक्रवारपर्यंत होईल का?"

"येस मॅडम, आय विल ट्राय." मान डोलली.

"म्हणजे होईल?"

"होऊन जाईल मॅडम."

"शुक्रवारी किती वाजता?"

गप्प. मग हळूच मराठीत, "खरं सांगू का मॅडम, मशीन गुरुवारपर्यंत मोकळंच नाहीये."

हे शेवटचं वाक्य पहिल्या दमात यायला हवं होतं. सातपूरचा सुपरवायझर ती डोललेली मान बरोबर ओळखतो आणि दोन दिवस आधीच चक्कर मारून काम कुठवर आलंय ते बघून जातो. तिकडचा बॉस शुक्रवार लिहून ठेवतो आणि तोच शब्द पुढे गिऱ्हाइकाला देतो. म्हणून उत्तर असं बसवा: "शुक्रवारी जमणार नाही. मशीन गुरुवारी संध्याकाळी मोकळं होतंय. सोमवारी अकरा वाजता पूर्ण प्रोग्राम देतो. हवं असेल तर शुक्रवारी सिम्युलेशन दाखवू शकतो." काय जमणार नाही, का, केव्हा जमेल आणि तोवर हातात काय देता येईल, एवढंच. तीनदा सॉरी नको, घरच्या अडचणींचं पुराण नको. हे आधी मराठीत म्हणा, मग इंग्रजीत, जर्मन येत असेल तर जर्मनमध्ये. जीभ अडखळायची थांबेपर्यंत म्हणत राहा. आणि दिलेली वेळ चुकणार असं कळलं तर ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी सांगा. सोमवारी पावणेअकराला सांगितलेला उशीर लोकांच्या फार दिवस लक्षात राहतो.

दुसरा प्रसंग तोंडावर चूक काढण्याचा. तिकडे मीटिंगमध्ये सहकारी सरळ म्हणतो, "हे चुकीचं आहे." आधी 'छान केलंय, पण' नाही, नंतर पाठीवर थाप नाही. आपल्या माणसाचा चेहरा तिथेच पडतो आणि पुढची पंधरा मिनिटं कानात काही शिरत नाही. बहिणीच्या हातात आपलं ड्रॉइंग किंवा अहवाल द्या आणि तिला चुका काढू द्या, गोड शब्द एकही न वापरता. तुम्ही फक्त विचारायचं, "कुठलं माप? किती असायला हवं?" स्वतःची बाजू मांडायची ती त्यानंतर. असं झोडपणारा माणूस तासाभराने तुम्हाला जेवायला हाक मारतो, तेव्हा चकित होऊ नका. राग तुमच्यावर नव्हताच, ड्रॉइंगवर होता. तसंच, कौतुक कमी ऐकू येईल. तक्रार नाही म्हणजे काम ठीक चाललंय असं धरून चाला.

तिसरा प्रसंग मला सगळ्यात अवघड वाटतो: बॉस चुकतोय आणि तुम्हाला ते दिसतंय. आपण मीटिंग संपल्यावर चहाच्या टपरीवर बोलतो, किंवा बॉसला एकटं गाठून 'सर, एक सुचवू का' म्हणतो. तिकडे मीटिंगमध्ये गप्प बसलात तर तुमची संमती आहे असं समजून निर्णय होतो, आणि मग तो टपरीवर फिरत नाही. नाशिक रोडची एक नर्स तालमीत डॉक्टरांना आडून सांगायला कधीच चुकायची नाही, पण सरळ म्हणा म्हटलं की आवाज बसायचा. तिला एकच वाक्य घोटायला लावलं, "डॉक्टर, या डोसबद्दल मला शंका आहे, एकदा तपासू या." सर-मॅडम लावायचं नाही. आडनावाआधी हेर (श्री.) किंवा फ्राउ (श्रीमती), आणि समोरचा म्हणाला तर पहिलं नाव. अहो-जाहो आणि अरे-तुरे असा भेद त्यांच्याकडेही आहे. आपल्या लोकांना तो लगेच समजतो. फक्त अरे-तुरेवर आपणहून उतरायचं नाही.

वेळेचं थोडक्यात. दिवसाला आठ तास हा तिथला कायदा आहे, अधूनमधून दहापर्यंत वाढवता येतात. बॉस बसलाय म्हणून बसून राहिलात तर निष्ठा दिसत नाही, काम आवरत नाही असं दिसतं. आजारी असाल तर पहिल्याच दिवशी, शिफ्ट सुरू होण्याआधी कळवा. आजारपण तीन दिवसांपुढे गेलं तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. कंपनी ते आधीही मागू शकते. वाढदिवस तुमचा असेल तर केक तुम्ही न्यायचा. आदल्या दिवशी कुणाला शुभेच्छा देऊ नका, ते अशुभ मानतात. सहकाऱ्यांचे फोटो न विचारता स्टेटसला टाकू नका आणि शॉप फ्लोअरचे तर काढूही नका.

आता घर. इथे तालीम आजपासून करता येते, कारण घंटागाडी रोज दारात येते. ओला-सुका वेगळा करण्याचा ज्यांना नाशकात कंटाळा येतो, त्यांची तिकडे शेजाऱ्यांशी पहिली ओळख कचऱ्यावरून होते. कागद बहुधा निळ्या डब्यात, प्लास्टिकची वेष्टनं पिवळ्यात, ओला तपकिरीत, उरलेला काळ्यात. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या टाक्यांत रंगानुसार टाकायच्या, पण रविवारी नाही, खळखळाट होतो म्हणून. पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बहुतेक प्लास्टिक बाटल्यांवर 25 सेंट अनामत असते. त्या दुकानातल्या यंत्रात परत करा. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. रविवारी ड्रिल चालवू नका, आणि दुकानं बंद असतात म्हणून दूध-भाजी शनिवारीच आणा. स्मोक डिटेक्टर प्रत्येक घरात सक्तीचे आहेत, तेव्हा मिरचीची फोडणी आणि धूप खिडकी उघडून. दिवाळीत फटाके नाहीत. ते वर्षअखेरीलाच, 31 डिसेंबर आणि 1 जानेवारीला.

एक गोष्ट ठासून सांगते, कारण कंपनीच्या प्रशिक्षणात ती क्वचितच येते. स्वस्तिक. आपण ते दारावर काढतो, नव्या गाडीच्या बॉनेटवर कुंकवाने काढतो, बॅगेवर काढतो, लक्ष्मीपूजनाचा फोटो ग्रुपवर टाकतो. जर्मनीत नाझी चिन्हं जाहीरपणे दाखवणं दंड संहितेच्या 86अ कलमाखाली गुन्हा आहे. आपलं स्वस्तिक वेगळं आहे, धार्मिक आहे, हे खरं. पण जिन्यातून जाणारी शेजारीण तुमचं पुराण वाचलेली नसते. तिला दिसतं ते तिच्या देशाच्या सगळ्यात काळ्या वर्षांचं चिन्ह. देवघरात ठेवा. दारावर, गाडीवर, बॅगेवर आणि ऑफिसच्या लोकांना दिसणाऱ्या फोटोत नको. तोरणावर, रांगोळीच्या साच्यावर आणि पूजेच्या डब्यावर ते छापलेलं असतं, ते निघण्याआधी तपासा. दाराला श्री किंवा पावलं लावा, काही बिघडत नाही.

बॅगेबद्दल तुम्ही विचारणारच, म्हणून सांगते. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे आईने कढवलेलं साजूक तूप, पेढे, खव्याची पोळी, सगळं इथेच ठेवायचं. ताजी फळंही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय जात नाहीत; केळी, नारळ, अननस, खजूर, ड्युरियन एवढे अपवाद. आपली द्राक्षं कंटेनरने युरोपात जातात ती कागदपत्रांनिशी. तुमच्या हँडबॅगेतल्या घडाला ती सवलत नाही. दुबईमार्गे जाणार असाल तर खसखस अजिबात नको, तिथे ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. गोडा मसाला घरचा असेल तर त्यात खसखस आहे का, ते आईला विचारून घ्या. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. अँटिबायोटिक तिकडे चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

कंपन्या प्रशिक्षण देतात ते नोकरदाराला. बरोबर जाणारी बायको किंवा नवरा त्यात नसतो, आणि दिवसभर शेजारी, दुकानदार, बालवाडी यांना तोंड देतो तोच माणूस. इंदिरानगरच्या एका जोडप्यात नवऱ्याला फक्त इंग्रजीवर भागणारं ऑफिस होतं. बायकोने मात्र जाण्याआधी ए-टू म्हणजे रोजच्या साध्या बोलण्यापुरत्या पातळीपर्यंत जर्मन केलं. घरमालकाशी बोलणी आजही तीच करते. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या युरोपियन परवान्यावर, जाणाऱ्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची अट नाही आणि तिकडे नोकरीची मुभा आहे. अट नाही म्हणून शिकू नका, असा अर्थ मात्र काढू नका. नाशकात क्लास आहेत. गोएथे इन्स्टिट्यूटची परीक्षा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात देता येते.

मागे राहणाऱ्यांचीही तालीम हवी. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेतीन. आई रात्री नऊला जेवण आटोपून निवांत फोन करते, तेव्हा हिवाळ्यात तिकडे साडेचार वाजलेले असतात आणि तुम्ही मीटिंगमध्ये. फोन उचलला नाही की इकडे बीपी वाढतो. निघण्याआधी वेळ ठरवून ती फ्रिजवर चिकटवा. आठवडाभर इथूनच त्या वेळेला फोन करून बघा.

पोहोचल्यावर कामांचा क्रम असा लावा. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी. त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं, ते चावी घेतानाच मागून घ्या. लगेच लेटरबॉक्सवर आणि बेलवर तुमचं नाव लावा. 'मारुती मंदिरासमोर, तिसरी गल्ली' यावर पोस्टमन येतो तो आपल्याकडे. तिकडे डब्यावर नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि टॅक्स नंबर, बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड सगळं पोस्टाने येतं. घर भाड्याने घेताना अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी (पाणी, हीटिंग वगैरे खर्च सोडून) असते. स्वयंपाकघरात ओटा-कपाटं आहेत का हे आधी विचारा. बऱ्याच घरांत नुसत्या भिंती मिळतात. घरटी महिना 18.36 युरो रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येईल. टीव्ही नसला तरी ते भरायचंच, ती फसवणूक नव्हे. रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी 112, पोलिसांसाठी 110, दवाखाने बंद असताना जिवावर न बेतलेल्या, पण थांबता न येणाऱ्या दुखण्यासाठी 116117.

गाडी चालवणार असाल तर इथलं लायसन्स तिकडे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने चालतं. पुढे लेखी आणि गाडीवरची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, तेव्हा तारखेची नोंद पहिल्याच आठवड्यात करून ठेवा.