नव्वद सेकंदांच्या फॅनसाइनमध्ये हिरमोड टाळायचा कसा, आणि झालाच तर पुढे काय

फॅनसाइन म्हणजे कलाकार अल्बमवर सही करतो आणि फॅनशी थोडं बोलतो अशी भेट. के-पॉपच्या (कोरियन पॉप संगीताच्या) व्हिडिओ कॉल फॅनसाइनमध्ये एकेका फॅनच्या वाट्याला साधारण एक ते दोन मिनिटं येतात. अल्बमचा गठ्ठा विकत घ्यायचा, लॉटरीत नाव लागायची वाट बघायची, केस-कपडे करून फोनसमोर बसायचं, आणि बायसने (गटातल्या आपल्या सगळ्यात आवडत्या कलाकाराने) अर्धवट हसून "थँक्यू, बाय" म्हणत कॉल संपवायचा, हे अनेकांच्या बाबतीत होतं. ह्यातला बराचसा हिरमोड कार्यक्रमाच्या आखणीतच दडलेला असतो आणि तेवढा तयारीने टाळता येतो. उरतो तो खरा असतो. त्याचं काय करायचं तेही पुढे येईल.

आधी पैशाचं बघा

फॅनसाइनचं तिकीट नसतं. ठरावीक दुकानातून ठरावीक दिवसांत अल्बम घ्यायचे आणि अर्ज भरायचा, मग सोडत निघते. सोडत निव्वळ नशिबाची असते असं दुकानं सांगतात. तरी जास्त अल्बम म्हणजे जास्त संधी हे फॅन धरूनच चालतात, आणि अमुक गटाला किती अल्बम 'लागतात' ह्याचे अंदाज प्रत्येक कमबॅकला (गटाचं नवं गाणं किंवा अल्बम आला की) फिरत असतात. त्या आकड्यांच्या मागे धावलात तर अपेक्षा खर्चाबरोबर फुगत जातात. समजा, १८,००० कोरियन वॉनचा अल्बम आहे आणि तुम्ही ३० घेतले. झाले ५,४०,००० वॉन. वॉनला सहा पैसे धरले तर बत्तीस हजारांच्या वर रुपये, शिवाय पार्सलचा खर्च आणि सीमाशुल्क वेगळं. नव्वद सेकंदांना भागलंत तर एका सेकंदाला साडेतीनशे रुपयांहून जास्त पडतात. हा भागाकार खरेदीच्या आधी करा. कॉल झाल्यावर केला की बायसची प्रत्येक जांभई बिलात धरली जाते.

आमचा सल्ला: अल्बम आणि त्यांतली फोटोकार्ड (कलाकाराच्या फोटोची छोटी कार्डं) मिळाली, कॉल मिळालाच नाही, तरी चालेल एवढ्याच रकमेचा अर्ज करा. त्यापुढचा रुपया जुगाराचा.

नव्वद सेकंद कुठे जातात

जोडणी, "ऐकू येतंय का?" आणि नमस्कार-चमत्कार ह्यांत दहा-बारा सेकंद जातात. नाव सांगण्यात पाच जातात. भारत-कोरिया कॉलमध्ये आवाज पोहोचायला लागणारा वेळ प्रत्येक वाक्यामागे थोडा थोडा कापला जातो, त्याचे मिळून आणखी दहा. शेवटी निरोपाचे दहा. हातात उरतात पन्नास-पंचावन्न. एक प्रश्न आणि त्याचं उत्तर वीस-पंचवीस सेकंद खातं. म्हणजे दोन प्रश्न, बस. सहा प्रश्नांची यादी घेऊन बसणारा चौथ्या प्रश्नाच्या मध्यावर तुटतो, आणि त्याला वाटतं की समोरच्याने आपल्याला घाईत उडवलं. कॉल आयडॉल, म्हणजे तो के-पॉप कलाकार, तोडत नाही. बाजूला घड्याळ लावून उभा असलेला कर्मचारी तोडतो. ज्या प्रश्नासाठी सगळा खटाटोप केला, तो पहिला विचारा.

तारीखही बघून घ्या. कमबॅकच्या आठवड्यात टीव्हीवरचे संगीताचे कार्यक्रम असतात: गुरुवारी एम काउंटडाउन, शुक्रवारी म्युझिक बँक, शनिवारी म्युझिक कोअर आणि रविवारी इंकिगायो. ह्या कार्यक्रमांचं पूर्व-रेकॉर्डिंग कित्येकदा पहाटे असतं आणि त्याच संध्याकाळी फॅनसाइन लावलेलं असतं. रविवारी रात्रीच्या कॉलमध्ये डोळे ताठ झालेला आयडॉल दिसला तर नवल नाही. निवड करता येत असेल तर आठवड्याच्या सुरुवातीची तारीख घ्यावी. आणि वेळ मोजताना चुकू नका: सोल आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथले रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेचार.

नाव आणि प्रश्न

सगळ्यात जास्त मनं इथे दुखावतात, म्हणून इथे थोडं थांबू.

कोरियन लिपीत 'व'साठी अक्षर नाही, तिथे 'ब'चं अक्षर येतं. जोडाक्षरं फोडून लिहावी लागतात. त्यामुळे वैष्णवीचं 'बाइश्युनाबी' होतं आणि श्रद्धाचं 'श्युरादा'. बायस ते अडखळत वाचतो, हसतो, आणि पलीकडे बसलेल्या वैष्णवीला वाटतं की आपल्या नावाची टर उडवली. उपाय सोपा आहे. अर्जात पासपोर्टवरचं नाव लिहा, पण कॉलमध्ये दोन-तीन अक्षरांचं हाकेचं नाव सांगा आणि ते कोरियन लिपीत कागदावर मोठं लिहून दाखवा. पूजा, मीनू, ऋतुजा अशी नावं त्या लिपीत जवळपास जशीच्या तशी बसतात. ऋतुजाला 'लुतुजा' अशी हाक आली तरी दचकू नका, र आणि ल त्यांच्याकडे एकाच अक्षरात राहतात.

प्रश्न कोरियनमध्ये आणि लेखी ठेवा. ए-फोर कागद, जाड काळा मार्कर, एका ओळीत आठ-दहा अक्षरं, तीन ओळींच्या वर नाही. तुमच्या स्क्रीनवर कागद उलटा दिसेल, समोर तो सरळच जातो. हे ठाऊक नसल्यामुळे लोक ऐन वेळी कागद फिरवत बसतात.

भाषांतर पापागोसारख्या अ‍ॅपने केलंत तर दोन गोष्टी तपासा. एक, वाक्याचा शेवट '-यो'ने किंवा '-निदा', '-निक्का'ने व्हायला हवा. ह्यातलं काहीच नसलं तर बहुतेक वेळा तुम्ही अनोळखी माणसाला अरे-तुरे करत असता. दोन, वाक्यात 'दांगशिन' हा शब्द आला असेल तर तो काढून टाका. यंत्र 'तुम्ही'साठी तो सर्रास टाकतं, पण समोरासमोरच्या बोलण्यात तो परका वाटतो, कधी कधी तर भांडणाचा सूर लागतो. कोरियनमध्ये कर्ता गाळला तरी वाक्य उभं राहतं. ह्या एका शब्दाने चेहरे थंड पडतात आणि फॅनला कारण कळतच नाही.

प्रश्न कोणता? "भारताबद्दल काय वाटतं?" ह्याला "खूप आवडतो, लवकरच येऊ" ह्यापलीकडे उत्तर मिळणार नाही, कारण सगळे भारतीय फॅन हेच विचारतात. पुढच्या अल्बमबद्दल, कंपनीबद्दल, लष्करी सेवेबद्दल, डाएटबद्दल विचारलंत तर पाठ केलेलं वाक्य येईल. ते त्यांना मोकळेपणाने बोलता येत नाही आणि कॉल रेकॉर्ड होऊन फिरणार हे त्यांना माहीत असतं. चालतो तो छोटा, निवडीचा प्रश्न: ह्या गाण्यातला कोणता स्टेप बसवायला जास्त वेळ लागला, पहिल्या कडव्यातला की शेवटचा? उत्तर द्यायला त्याला विचार करावा लागतो, पण शोधाशोध करावी लागत नाही. दुसऱ्या जागी प्रश्नाऐवजी छोटी विनंती ठेवा, जसं की परीक्षेसाठी दोन शब्द किंवा एखादा हावभाव. नकार आला तर लगेच पुढे सरका. काही कंपन्यांनी ठरावीक गोष्टींना बंदी घातलेली असते आणि ती बंदी सूचनापत्रकात बारीक अक्षरांत असते.

एक प्रश्न कधीच नको: "मला ओळखलंस का?" एकाच कमबॅकमध्ये वेगवेगळ्या दुकानांचे फॅनसाइन होतात आणि प्रत्येक संध्याकाळी डझनावारी चेहरे समोरून जातात. तो खोटं बोलेल किंवा गडबडेल, दोन्ही तुम्हाला लागेल. आधी भेट झाली असेल तर तुम्हीच सांगा, "मागच्या कॉलमध्ये तू सांगितलेलं पुस्तक वाचलं." आठवलं तर तो आपणहून बोलेल.

सोलला जाऊन प्रत्यक्ष फॅनसाइन करणाऱ्यांसाठी एवढंच. तिथे अल्बमच्या पानावर पोस्ट-इट चिकटवून प्रश्न देतात. खाली तीन पर्याय आणि चौथी रिकामी ओळ ठेवा. नुसते पर्याय दिलेत तर सही करता करता एकावर खूण होते आणि मान वरही होत नाही. रिकामी ओळ असली की निदान काहींना लिहावंसं वाटतं.

फोन

बरेच कॉल काकाओटॉक ह्या कोरियन मेसेजिंग अ‍ॅपच्या फेसटॉकवर (व्हिडिओ कॉलवर) होतात, काही दुकानं स्वतःचं अ‍ॅप वापरतात. काकाओचं खातं आदल्या दिवशी काढू नका, काही आठवडे आधी काढा. प्रोफाइलचं नाव अर्जातल्या नावाशी जुळवा. अँड्रॉइडवर काकाओला सूचनांची परवानगी द्या आणि त्याच्यापुरतं बॅटरी-बचत बंद करा, नाहीतर स्क्रीन बंद असताना कॉल वाजतच नाही. दोन-तीनदा उचलला नाही की पुढच्या फॅनला लावतात, मग दाद-फिर्याद नाही.

विमान मोड चालू करून फक्त वाय-फाय ठेवा, आणि वाय-फाय कॉलिंग बंद करा. म्हणजे नेमक्या त्या वेळी कुरियरवाल्याचा फोन येऊन व्हिडिओ तुटणार नाही. राउटर इन्व्हर्टरवर घ्या. दुसऱ्या फोनवर हॉटस्पॉट तयार ठेवा. मैत्रिणीला फेसटॉक लावून आवाज आणि उजेड तपासा. फोन डोळ्यांच्या उंचीवर, उजेड चेहऱ्यासमोर, पाठीमागे खिडकी नको. घरात सांगून ठेवा: त्या अर्ध्या तासात मिक्सर नाही, आणि "कोणाशी बोलतेस गं?" करत कोणी मागून डोकावायचं नाही. गणपतीचे दिवस असतील तर मंडपापासून लांबची खोली शोधा.

कॉल चालू असताना गार पडलं तर

तुम्ही प्रश्न संपवता, एक सेकंद काहीच होत नाही, तुम्ही घाबरून "म्हणजे..." अशी सुरुवात करता, त्याच क्षणी त्याचं उत्तर सुरू होतं, दोघं थांबता, दोघं "सॉरी" म्हणता. दोनदा असं झालं की त्याचा चेहरा सावध होतो आणि तुम्हाला तो कंटाळा वाटतो. प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजा. कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे बघा, त्याच्या चेहऱ्याकडे बघितलंत तर त्याला तुमची नजर खाली दिसते.

उत्तर एका शब्दात आलं तर तोच प्रश्न पुन्हा रेटू नका. कागद बदला. तिसरा, राखीव कागद असाच एक हवा ज्याला उत्तरच लागत नाही: "ह्या गाण्याने माझी रात्रपाळी सोपी केली." रडू आलं तर रडा, पण आधी वाक्य दाखवा. कर्मचाऱ्याचा आवाज आला की वाद न घालता निरोप घ्या. शेवटच्या तीन सेकंदांत हात हलवणारा आयडॉल दिसला तर आठवणीत तोच राहतो.

नंतर

रेकॉर्डिंगला परवानगी असेल तर केलेलं असेल. ते त्या रात्री बघू नका आणि कुठे टाकूही नका. दुसऱ्या दिवशी आवाज बंद करून एकदा बघा, मग आवाजासह. कोणत्या प्रश्नानंतर किती शांतता गेली ते मोजा. त्याच दिवशीच्या इतर फॅनचे कॉल लोकांनी टाकलेले असतात, तेही तीन-चार बघा. सगळ्यांशीच तो मंद असेल तर तो दिवस तसा होता. काही जणांचा स्वभावच कमी बोलण्याचा असतो. जपानमध्ये सीडीतल्या कुपनावर आयडॉलशी हात मिळवण्याचे कार्यक्रम एकेबी४८ ने फार मोठे केले, तिथे तर काही सेकंदांत कर्मचारी खांद्याला धरून पुढे सरकवायचे. त्याच गटातली हारुका शिमाझाकी अशा भेटींत रुक्ष वागण्यासाठी प्रसिद्ध होती. तोच रुक्षपणा तिची ओळख झाली आणि तरी तिच्यासाठी रांग लागायची. तुमचा बायस त्या जातीचा असेल तर त्याला स्टेजवर बघा, कॉलवर पैसे घालवू नका.

आधीच्या फॅनशी रंगलेला आणि फक्त तुमच्याशी तुटक, असं दिसलं तर तुमचा प्रश्न, भाषा आणि जोडणी पुन्हा तपासा. तिन्ही ठीक असतील तर तुमचं वाईट वाटणं रास्त आहे. "तो दमला असेल" अशी वकिली करत बसायची गरज नाही.

रंगावरून, देशावरून किंवा बोलण्याच्या ढबीवरून चेष्टा झाली असेल तर तो वेगळा मामला. त्याच दिवशी तारीख, वेळ, दुकानाचं नाव आणि नेमके शब्द लिहून ठेवा. रेकॉर्डिंग न कापता जपा. आधी दुकानाला आणि कंपनीला कोरियन व इंग्रजी दोन्हींत मोजक्या ओळींचं पत्र लिहा. भाषांतर कोरियन येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या, कारण तुम्हाला टोमणा वाटलेला शब्द कधी कधी साधाच निघतो. चार सेकंदांची क्लिप कापून टाकलीत तर चर्चा तुमच्या कापण्यावर होते आणि तक्रार बाजूला पडते.

पुढच्या फॅनसाइनचा अर्ज निदान ह्या कमबॅकपुरता तरी करू नका. "ह्या वेळी नीट होईल" म्हणून लगेच केलेला दुसरा अर्ज पहिल्यापेक्षा महाग पडतो, कारण आता तुम्हाला फक्त भरपाई हवी असते. फॅनग्रुपच्या सूचना महिनाभर बंद ठेवा. गाणी ऐकावीशी वाटली तर ऐका, नाही वाटली तर नका ऐकू.

घरात उरलेल्या अल्बमचा ढीग मात्र लगेच हलवा, तो समोर असेपर्यंत रोज हिशोब होत राहतो. सही केलेला अल्बम आणि आवडलेली फोटोकार्ड बाजूला काढा. बाकीचे ग्रुप ऑर्डर चालवणाऱ्यांमार्फत (अनेक फॅनची खरेदी एकत्र मागवणाऱ्यांमार्फत) विका. फोटोकार्ड काढलेला अल्बम बराच स्वस्त जातो, म्हणून कार्डं ठेवायची की विकायची ते आधीच ठरवा. जाहिरातीत 'उघडलेला, कार्ड नाही' असं स्पष्ट लिहा, आणि पार्सल करताना कोपऱ्यांना पुठ्ठा लावा, कारण दबलेल्या कोपऱ्यावरून परत येणारे अल्बम पुन्हा विकले जात नाहीत.