मोठ्याला ऑटिझम असताना धाकट्यावर लक्ष ठेवताय? या चुका टाळा

माझा मोठा मुलगा बारा वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. धाकटी आता सातची. गोव्यात फोंड्याच्या आसपासच्या आयांचे मला फोन येतात आणि प्रश्न तोच असतो, "ताई, धाकटा दीडचा झाला, काय बघू?" काय बघायचं ते सांगतेच. पण आधी लोक जे करत असतात ते थांबवावं लागतं.

ऑटिझम असलेल्या मुलाच्या पाठच्या भावंडात तो आढळण्याचं प्रमाण साधारण २० टक्के आहे, म्हणजे पाचांत एक. मुलग्यांत मुलींपेक्षा जास्त. म्हणून लक्ष ठेवायलाच हवं. पण पाचांतल्या चौघांना ऑटिझम नसतो, हेही त्याच आकड्यात आहे.

दिवसभर परीक्षा घेणं

ही चूक मी स्वतः केली. धाकटी चौदा महिन्यांची असताना मी तिला पाठीमागून हाका मारून बघायचे. कधी स्वयंपाकघरातून, कधी न्हाणीच्या दारातून. वहीत लिहून ठेवायचे : सकाळी अकरा हाका, दोनदा वळली. पंधरा दिवसांत ती वळायचीच बंद झाली. माझी झोप उडाली. मोठ्याला शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाईंकडे मी ती वही घेऊन गेले. त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली आणि विचारलं, "ताई, वळल्यावर तिला काय मिळतं?"

काहीच मिळत नव्हतं. ती वळायची, मी खूण करायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. अशा हाकेला कुठलं मूल किती दिवस दाद देणार? बाई म्हणाल्या, आठ दिवस उगाच नाव घेऊ नका. घ्याल तेव्हा केळ्याची फोड द्या, गुदगुल्या करा, नाहीतर उचलून घ्या. दहाव्या दिवशी पहिल्याच हाकेला तिने मान वळवली आणि दोन्ही हात वर केले.

वर्षाचं मूल नावाला सहसा वळतं. सतत वळत नसेल तर ते महत्त्वाचं लक्षण आहेच. पण हाक खरं काम असेल तेव्हा मारा. टीव्ही चालू असताना मारलेली हाक धरूच नका. वळत नसेल तर कानांची तपासणी आधी करून घ्या. जन्मल्यावर केलेली तपासणी ठीक होती म्हणून ती टाळू नका.

माझी सवय सांगते. दर संकष्टीला मी दहा मिनिटांचा व्हिडिओ काढायचे. जेवताना, खेळताना, जे चाललं असेल ते. "हे कर, ते दाखव" काही नाही. तारीख विसरत नाही आणि मधले दिवस मूल मोजमापातून सुटतं. डॉक्टरांच्या खोलीत मूल बावरतं, तिथे हेच व्हिडिओ कामाला येतात.

शब्द मोजणं आणि बोट विसरणं

"किती शब्द बोलतो?" हा प्रश्न सगळे विचारतात. मला विचाराल तर पोदेर, म्हणजे दारावर येणारा पाववाला, आल्यावर मूल काय करतं ते बघा. संध्याकाळी पोदेराचा पों-पों ऐकू आला की धाकटी दाराकडे बोट करायची, वळून माझ्या तोंडाकडे बघायची आणि पुन्हा दाराकडे. तिला पाव नको असायचा. 'ऐकलंस ना?' एवढंच सांगायचं असायचं. मोठा त्याच वयात माझं मनगट धरून पावाच्या डब्यावर नेऊन ठेवायचा, माझ्याकडे न बघता. मागायला केलेलं बोट वेगळं आणि दाखवायला केलेलं वेगळं. दीड वर्षापर्यंत हे दुसरं बोट दिसायला हवं.

मोठ्याची फूटपट्टी लावणं

डिचोलीकडचं एक कुटुंब माझ्या ओळखीचं. मोठा मुलगा बोलत नाही. धाकटी दोन वर्षांची असताना गाड्यांची नावं, एबीसीडी, गाणी घडाघडा म्हणायची. चवथीला जमलेले सगळे म्हणाले, ही तर पोपट आहे, हिला काही नाही. पण तहान लागली की ती पाणी मागायची नाही, नुसती रडायची. शब्द होते, ते कुणाशी बोलण्यासाठी नव्हते. निदान साडेतीनला झालं. भावंडांत ऑटिझम सारखाच दिसेल असं नाही, आणि बोलक्या मुलींमध्ये तो सहज नजरेतून सुटतो.

याच्या उलटही होतं. धाकटा दादासारखे हात फडफडवतो, गाड्या रांगेत लावतो आणि घर घाबरतं. तो दादाकडे बघत, हसत करतोय का, ते आधी बघा. दादाची नक्कल करावीशी वाटणं चांगलंच आहे.

"मुलगे उशिरा बोलतात, ह्याचा बाबाही तिसऱ्या वर्षी बोलला" हे वाक्य मी खूप घरांत ऐकलंय आणि त्यात मुलांची मोलाची वर्षं गेलेली पाहिली आहेत. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल तर दाखवा. येत असलेले शब्द किंवा टाटा करणं गेलं, तर वय न बघता त्याच आठवड्यात दाखवा. घरात कोकणी, मराठी आणि इंग्रजी आहे म्हणून ऑटिझम होत नाही; आजीला तिची भाषा बंद करायला लावू नका.

एम-चॅट-आर ही वीस प्रश्नांची यादी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे. पाच मिनिटांत ती मोबाइलवर भरून "पास झाला" असा स्क्रीनशॉट मला पाठवू नका. ती चाळणी आहे, निदान नव्हे. अठराव्या महिन्यात भरली तरी चोविसाव्यात पुन्हा भरायची आणि उत्तरं डॉक्टरांसोबत बघायची.

मोठ्याच्या निदानानंतर धाकट्याची गोवर-रुबेलाची लस टाळणारे भेटतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. मोठं भावंड असलेल्या सुमारे ९५ हजार अमेरिकी मुलांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लशीचा ऑटिझमशी संबंध त्यात दिसला नाही, मोठ्याला ऑटिझम असलेल्या घरांतही नाही. लस वेळेवर द्या.

शंका असेल तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा, "मोठ्याला ऑटिझम आहे." हे शेवटी सांगितलं की "सहा महिने थांबू" ऐकून परत यावं लागतं. तारीख उशिराची मिळाली तर तोवर जमिनीवर त्याच्यासमोर बसून खेळा, तो जे बघतोय त्याचं नाव घ्या, फोन बाजूला ठेवा. याला निदानाचा कागद लागत नाही.