जादूगार शेवटी रंगवा

पटावरच्या खेळातल्या छोट्या प्लास्टिकच्या मूर्ती रंगवायला बसले, तेव्हा मी पहिल्यांदा हातात घेतला तो जादूगार. सगळेच घेतात म्हणा, खोक्यातला सगळ्यात देखणा तोच असतो. त्याच्या डोळ्यांत बुबुळं काढायला बसले आणि तासाभराने तो विजेचा झटका बसल्यासारखा माझ्याकडे बघू लागला. मग मी त्याला पांढऱ्यात बुडवलं, पुन्हा काळे ठिपके दिले, पुन्हा पुसले. तोवर चेहऱ्यावर रंगाचे इतके थर चढले की नाकच दिसेना. मनात म्हटलं, आपल्याला हे जमायचं नाही.

संच हीरोक्वेस्ट या तळघरातल्या राक्षसांशी लढायच्या खेळाचा होता, 1989 चा. त्यात एकूण 35 मूर्ती. नायक लाल प्लास्टिकचे, ऑर्क नावाचे राक्षस हिरवे, मेलेली मंडळी पांढरी. आज कुणी विचारलं, सुरुवात कुठून करू, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: मेलेल्यांपासून. 4 सापळे, 2 झोंबी, 2 ममी. यांच्यावर रंग ओघळला, डाग पडला, हात हलला तरी बिघडत नाही, उलट ते जास्तच खरे वाटतात. या आठांवर हात बसतो. तोवर जादूगाराला खोक्यात झोपू द्या.

रंगाआधीची कामं कंटाळवाणी आहेत, पण टाळू नका. साच्यातून सुटावी म्हणून लावलेल्या द्रव्याचा तेलकटपणा मूर्तीवर राहिलेला असू शकतो, म्हणून भांड्याच्या साबणाने धुवा. साच्याचे दोन भाग जुळतात तिथली बारीक रेघ सुरीच्या धारेने खरवडून काढा. आत्ता ती दिसत नाही, रंग चढला की नेमकी तीच दिसते. नव्या खेळांतल्या मऊ प्लास्टिकच्या तलवारी वाकलेल्या असतील तर गरम पाण्यात धरून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात घाला. मग प्रायमर, म्हणजे वरचा रंग धरून ठेवणारा पहिला लेप. स्प्रे असेल तर मोकळ्या हवेत, 20 ते 30 सेंटिमीटरवरून, हात सतत फिरता ठेवून. दमट हवेत स्प्रे मारू नका, मूर्तीवर रवा चिकटल्यासारखी खरखर येते.

ब्रशबद्दल सगळ्यांचा एकच गैरसमज असतो, माझाही होता: बारीक काम म्हणजे बारीक ब्रश. मी तीन शून्यांचा घेतला. त्यात रंग मावतो तो थेंबभर, आणि मूर्तीपर्यंत पोचेपर्यंत टोकावरच वाळतो. 1 किंवा 2 नंबरचा, टोक नीट जुळणारा एक चांगला ब्रश पुरतो. रंग केसांच्या अर्ध्यापर्यंतच चढू द्या. पत्र्याच्या नळीत शिरून वाळला की केस फाकतात, आणि ब्रश कामातून जातो. टोक जुळवायला तो ओठांत धरायची सवय लावून घेऊ नका. काही रंगद्रव्यं पोटात जाण्यासारखी नसतात.

ॲक्रिलिक रंग बाटलीतून थेट लावायचा नाही. पाणी घालून दुधाइतका पातळ करायचा आणि दोन-तीन हात द्यायचे. पहिला हात बघून जीव खट्टू होतो, खालचा प्रायमर डोकावत असतो. वाळू द्या. पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि कागदावर रंग, असं केलं की पातळ केलेला रंग तासन्‌तास टिकतो. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही चालतो.

आता सापळा. आधी सगळ्यावर हाडाचा पिवळसर पांढरा. तो वाळला की तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग. तो बरगड्यांमधल्या फटींत आपोआप जाऊन बसतो आणि कवटीतले डोळे काळवंडतात. पहिल्यांदा बघाल तेव्हा मजा वाटेल. मात्र पायाशी थेंब साचतो, तो कोरड्या, स्वच्छ ब्रशने टिपून घ्या. आणि मग हात लावू नका! अर्धवट वाळलेल्या वॉशवर ब्रश फिरवला की चहाच्या कपाच्या वळासारखी कडा उमटते. पूर्ण वाळल्यावर ड्रायब्रश: जुन्या ब्रशवर फिकट रंग घ्यायचा, कागदावर जवळजवळ सगळा पुसायचा आणि उंचवट्यांवरून हलकेच झाडायचा. सापळा तयार.

2019 मध्ये सिटाडेल या मूर्तींच्या रंगांच्या ब्रँडने कॉन्ट्रास्ट नावाचे रंग आणले. फिकट प्रायमरवर एकाच हातात रंग आणि सावली दोन्ही देतात. घाई असेल तर वापरा. पण सपाट ढालीवर आणि रुंद झग्यावर त्यांचे धब्बे पडतात, म्हणून वॉश-ड्रायब्रश आधी शिकलेलं बरं.

आठ ऑर्क एकदम घेऊ नका. आधी सगळ्यांची कातडी, मग सगळ्यांचे पट्टे, अशी रांग लावली की वेग येतो खरा, पण सहाव्या पट्ट्याशी वीट येतो. चार-चार घ्या.

नेपथ्याचं काम मला मूर्तींपेक्षा आवडतं. संचातलं सामान पुठ्ठा आणि प्लास्टिक मिळून बनलेलं होतं, म्हणून तळघराच्या भिंती मी एक्सपीएस फोमच्या, म्हणजे थर्माकोलसारख्या पण घट्ट फोमच्या केल्या. पेन्सिलीने दगडांच्या रेघा दाबल्या, ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा वरून दाबत नेला, दगडाचा पोत हुबेहूब आला. मग उत्साहाच्या भरात थेट स्प्रे प्रायमर मारला. त्यातल्या द्रावकाने फोम खाल्ला, दोन मिनिटांत भिंतीचं जाळीदार धिरडं झालं. आता काळ्या ॲक्रिलिकमध्ये पांढरा गोंद मिसळून आधी ब्रशने लेप देते. त्यावर गडद राखाडी, मग फिकट राखाडीचा ड्रायब्रश. मधले दोन-चार दगड हिरवट, दोन-चार तपकिरी. सगळे एकाच करड्या रंगाचे ठेवले तर भिंत सिमेंटची वाटते.

उरले डोळे. 28 मिलिमीटरच्या मूर्तीचा डोळा मिलिमीटरभरही नसतो. खेळताना ती हातभर लांब असते, तिथून खोबणीतली गडद सावली पुरते. माझ्या जादूगाराला मी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून, जुन्या टूथब्रशने घासून कोरा केला (रेझिनच्या मूर्तीवर हा प्रयोग नको) आणि पस्तिसावा म्हणून रंगवला. बुबुळं काढलीच नाहीत.

शेवटी वॉर्निश: आधी चकचकीत, टिकाऊपणासाठी, मग त्यावर मॅट. तरीही खेळणारे मूर्ती डोक्याला नाही तर तलवारीला धरून उचलतात, आणि रंग आधी तिथलाच जातो. चंदेरी रंगाची बाटली खोक्यातच ठेवा.