कार्यालयातील संगणकावर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड कधी आणि कोणाला विचारला जावा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल-चादरीच्या मध्यम आकाराच्या कारखान्याच्या कार्यालयात साधारणपणे चार-पाच संगणक असतात. एकावर हिशेब, एकावर ई-वे बिल आणि जीएसटीची विवरणपत्रे, एकावर डिझाइनचे काम, आणि एखादा मालकांच्या केबिनमध्ये. यांपैकी बहुतेकांवर विंडोज बसवताना जे पहिले खाते तयार झाले तेच वर्षानुवर्षे वापरात असते, आणि विंडोजच्या रचनेनुसार ते पहिले खाते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर दर्जाचे, म्हणजे पूर्ण अधिकारांचे असते. त्यामुळे एखादा प्रोग्राम संगणकाच्या मूळ व्यवस्थेत बदल करू पाहतो तेव्हा समोर बसलेल्या व्यक्तीला विंडोज केवळ ‘येस’ किंवा ‘नो’ एवढेच विचारते, आणि बिल काढण्याच्या घाईत असलेली व्यक्ती न वाचता ‘येस’ दाबते. रोजच्या खात्याला स्वतःच्या अधिकारात ‘येस’ म्हणताच येऊ नये आणि जो प्रोग्राम विनाकारण परवानगी मागतो त्याचे मागणे मुळातच बंद व्हावे, अशी मांडणी विंडोज १० आणि ११ वर कशी करावी, हे पुढे दिले आहे.

सूचनेमागील यंत्रणा

ही परवानगी विचारणाऱ्या यंत्रणेचे नाव यूजर अकाउंट कंट्रोल, म्हणजेच यूएसी. ती २००७ साली सर्वसामान्यांसाठी बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाबरोबर आली. व्हिस्टात परवानगी इतक्या वेळा विचारली जाई की लोक वैतागून ती यंत्रणाच बंद करू लागले, म्हणून २००९ च्या विंडोज ७ मध्ये विचारणा केव्हा व्हावी हे ठरवणारी चार पायऱ्यांची सरकपट्टी देण्यात आली, आणि तीच आजही चालू आहे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्याने लॉगिन केले तरी विंडोज त्याला सुरुवातीला मर्यादित अधिकारच वापरायला देते. ‘येस’ दाबल्यावर त्या एका प्रोग्रामपुरते पूर्ण अधिकार मिळतात. स्टँडर्ड खात्याकडे मात्र असे राखीव अधिकार नसतातच, म्हणून तिथे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड मागितला जातो, आणि तो दिल्यावर तो प्रोग्राम त्या दुसऱ्या खात्याच्या नावाने चालतो. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढील निम्म्या अडचणी त्यातूनच उद्भवतात.

आधी नवे खाते, मगच जुन्याचा दर्जा कमी

क्रम चुकवू नये. प्रथम ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अकाउंट्स’ आणि त्यात ‘अदर युजर्स’ उघडावे. विंडोज १० मध्ये याच ठिकाणाचे नाव ‘फॅमिली अँड अदर युजर्स’ असे आहे. तिथे नवे खाते जोडताना मायक्रोसॉफ्टचे ऑनलाइन खाते न वापरता स्थानिक खाते तयार करण्याचा पर्याय घ्यावा, त्याला ‘देखभाल’ यासारखे साधे नाव द्यावे, आणि खाते तयार झाल्यावर ‘चेंज अकाउंट टाइप’मधून त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करावे.

स्थानिक खात्याला पासवर्ड देताना विंडोज तीन सुरक्षा प्रश्न विचारते, आणि नेमके इथेच बहुतेकांचे दुर्लक्ष होते. आपला जन्म कोणत्या शहरात झाला, पहिली शाळा कोणती, लहानपणीचे टोपणनाव काय, अशा स्वरूपाचे हे प्रश्न असतात. लॉगिनच्या पडद्यावर एकदा चुकीचा पासवर्ड टाकला की पासवर्ड नव्याने ठरवण्याचा दुवा दिसतो, आणि या तीन प्रश्नांची उत्तरे जुळली की जुन्या पासवर्डची गरजच उरत नाही. ज्या कार्यालयात निम्म्याहून अधिक लोकांच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘सोलापूर’ असेच आहे आणि कोण कोणत्या शाळेत होता हे चहाच्या वेळी सर्वांना माहीत झालेले असते, तिथे खरी उत्तरे देणे म्हणजे पासवर्ड भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहे. उत्तरांच्या जागी प्रश्नाशी संबंध नसलेली अक्षरे भरावीत आणि ती पासवर्डसोबत कागदावर लिहून तो कागद बंद पाकिटात तिजोरीत ठेवावा. प्रत्येक संगणकासाठी पासवर्ड निराळा असावा. तो मालकांना आणि आणखी एका जबाबदार व्यक्तीला ठाऊक असला की पुरे. त्याहून अधिक जणांना तो माहीत असण्याचे कारण नाही.

यानंतर रोजच्या खात्यातून बाहेर पडून ‘देखभाल’ खात्यात प्रत्यक्ष लॉगिन करावे, पासवर्ड चालतो याची खात्री करून घ्यावी, आणि तिथूनच रोजच्या खात्याचा दर्जा ‘स्टँडर्ड युजर’ असा बदलावा. त्या खात्यातील फाइली, डेस्कटॉप, प्रिंटर यांना धक्का लागत नाही. पुढच्या लॉगिनपासून केवळ अधिकार कमी होतात. संगणकावर चालू स्थितीतील एकही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खाते उरले नाही, तर परवानगीच्या चौकटीत पासवर्डचा रकानाच दिसत नाही आणि ‘येस’ हे बटण फिकट होऊन बसते. त्या अवस्थेतून संगणक बाहेर काढणे फार कष्टाचे आहे, म्हणून ही खात्री आधी करायची.

सरकपट्टी

स्टार्टच्या शोधपट्टीत यूएसी ही तीन इंग्रजी अक्षरे टाइप केली की सरकपट्टीची खिडकी सापडते. तिच्या चार पायऱ्यांपैकी वरून दुसरी ही विंडोजची मूळ निवड असते. तिच्यात इतर प्रोग्रामनी बदल करू पाहिल्यास विचारणा होते, परंतु अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने स्वतः विंडोजच्या सेटिंग्जमध्ये केलेल्या बदलांना विचारणा होत नाही. कामाच्या संगणकावर सर्वात वरची पायरी ठेवावी, असे माझे मत आहे. एरवी तिचा जाच वाटतो हे खरे, परंतु रोजचे खाते स्टँडर्ड केल्यानंतर ‘देखभाल’ खात्यात महिन्यातून क्वचितच कोणी जाईल, त्यामुळे जाच होणार कोणाला?

तिसऱ्या पायरीवर विचारणा होते, पण पडदा अंधारत नाही. वरवर हा फरक दिखाऊ वाटतो. वास्तविक पडदा अंधारतो तेव्हा विंडोज एका स्वतंत्र, सुरक्षित डेस्कटॉपवर गेलेले असते आणि चालू असलेले इतर प्रोग्राम त्या चौकटीला हात लावू शकत नाहीत, म्हणजे एखाद्या घातक प्रोग्रामला आपल्या वतीने ‘येस’ दाबता येत नाही. तिसरी पायरी हे संरक्षण काढून टाकते. सर्वात खालची पायरी कामाच्या संगणकावर कोणत्याही कारणास्तव वापरू नये.

लोकल सिक्युरिटी पॉलिसी

विंडोजच्या प्रो आवृत्तीत याहून बारकाईने ठरवता येते. ‘देखभाल’ खात्यात स्टार्टमधून ‘लोकल सिक्युरिटी पॉलिसी’ उघडावी, त्यात ‘लोकल पॉलिसीज’ आणि पुढे ‘सिक्युरिटी ऑप्शन्स’ निवडावे. यादीच्या तळाशी ‘यूजर अकाउंट कंट्रोल’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या ओळी आहेत. त्यांपैकी स्टँडर्ड युजरसाठी परवानगीची चौकट कशी वागावी, या ओळीत ‘प्रॉम्प्ट फॉर क्रेडेन्शियल्स ऑन द सिक्युअर डेस्कटॉप’ हा पर्याय ठेवावा. वजनकाट्यावरील किंवा गोदामातील संगणकावर, जिथे काहीही नवे बसवण्याचा प्रश्नच येत नाही, तिथे ‘ऑटोमॅटिकली डिनाय’ हा पर्याय अधिक योग्य: मग पासवर्ड विचारलाच जात नाही, विनंती थेट नाकारली जाते, आणि काही बसवायचे झाल्यास ‘देखभाल’ खात्यातच लॉगिन करावे लागते.

अ‍ॅडमिनिस्ट्रेटरसाठीच्या ओळीत मूळ निवड ‘येस-नो’ची असते. तिथेही पासवर्ड मागणारा सिक्युअर डेस्कटॉपचा पर्याय निवडावा, म्हणजे ‘देखभाल’ खाते उघडे ठेवून कोणी जेवायला उठले तरी मागून आलेल्याला ‘येस’ दाबता येणार नाही. हा बदल केल्यानंतर सरकपट्टीला पुन्हा हात लावू नये, कारण ती हलवली की या ओळीतील निवड पुसली जाते. ‘रन ऑल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स इन अ‍ॅडमिन अप्रूव्हल मोड’ ही ओळ ‘एनेबल्ड’च असावी, ती बंद केल्यास संगणक पुन्हा सुरू केल्यावर संपूर्ण यंत्रणा झोपते. काही सॉफ्टवेअर विक्रेते आपला प्रोग्राम चालावा म्हणून नेमके हेच करायला सांगतात. त्यांना नम्रपणे नकार द्यावा.

होम आवृत्तीत ही पॉलिसी नसते. तिथेही स्टँडर्ड खात्याला पासवर्ड मूळपासूनच विचारला जातो, म्हणून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदींत जाऊन खटाटोप करण्याची आवश्यकता नाही.

वारंवार परवानगी मागणारा जुना प्रोग्राम

खरे काम इथे आहे. कारखान्यांत दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे बिलिंगचे किंवा सुताच्या साठ्याचे प्रोग्राम अजून चालू असतात, आणि त्यांपैकी अनेक आपली माहिती ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरमध्येच साठवतात. तिथे लिहिण्याचा अधिकार साध्या खात्याला नसल्याने कोणीतरी कधीकाळी त्या प्रोग्रामच्या चिन्हावर ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ अशी कायमची खूण केलेली असते. रोजचे खाते स्टँडर्ड झाल्यावर असा प्रोग्राम दर वेळी पासवर्ड मागेल, आणि दोन दिवसांत तो पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर दिसेल.

नुसती ती खूण काढणे हा उपाय नव्हे. जुन्या बत्तीस-बिट प्रोग्रामला ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहिता आले नाही तर विंडोज त्याचे लिखाण गुपचूप त्या वापरकर्त्याच्या खासगी ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरमध्ये वळवते. प्रोग्राम तक्रार करत नाही, बिले निघत राहतात, परंतु एका खात्यातून काढलेली बिले दुसऱ्या खात्यातून उघडल्यावर दिसत नाहीत आणि बॅकअप मात्र जुन्याच फाइलीचा होत राहतो. म्हणून आधी पूर्ण बॅकअप घ्यावा आणि नंतर प्रोग्रामची माहिती ‘प्रोग्राम फाइल्स’बाहेरच्या फोल्डरमध्ये हलवावी, ती सोय नसेल तर केवळ त्या एका फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘सिक्युरिटी’त जाऊन ‘युजर्स’ या गटाला ‘मॉडिफाय’ अधिकार द्यावा. मगच ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ची खूण काढावी. संपूर्ण सी ड्राइव्हवर असा अधिकार देऊन मोकळे होण्याचा मोह टाळावा.

पासवर्ड साठवून ठेवून प्रोग्राम चालू करणारी ‘रनअ‍ॅज’ आज्ञाही सुचवली जाते. तिच्यातील साठवलेला पासवर्ड त्या एका प्रोग्रामपुरता मर्यादित राहत नाही, त्याच खात्यातून दुसरे काहीही त्याच्या बळावर चालवता येते. तिच्या वाट्याला जाऊ नये.

दुसऱ्या खात्याच्या नावाने चालण्याचे परिणाम

परवानगीच्या चौकटीत ‘देखभाल’चा पासवर्ड देऊन बसवलेला प्रोग्राम कधीकधी रोजच्या खात्यात दिसतच नाही, कारण त्याने आपले चिन्ह आणि सेटिंग्ज ‘देखभाल’ खात्यात ठेवलेली असतात. बसवताना ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ असा पर्याय दिसल्यास तोच घ्यावा. त्याचप्रमाणे सर्व्हरवरील फोल्डरला दिलेले झेड ड्राइव्हसारखे अक्षर अशा वाढीव अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रामला सापडत नाही. तिथे सर्व्हरच्या नावासह पूर्ण मार्ग द्यावा. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर एकदा परवानगी देऊन बसवला की पुढे सही करताना पासवर्ड लागू नये. लागत असेल, तर विक्रेत्याकडून त्या साधनाची नवी आवृत्ती मागून घ्यावी.

दूरस्थ दुरुस्तीचाही प्रश्न येतो. पुण्यात बसलेला तंत्रज्ञ एनीडेस्कवरून (दूरच्या ठिकाणाहून संगणक हाताळू देणाऱ्या प्रोग्रामवरून) काम करत असताना पडदा अंधारला की त्याला चौकट दिसेनाशी होऊ शकते, आणि मग तो अंधारणे बंद करायला सांगतो. त्याऐवजी एनीडेस्क संगणकावर रीतसर बसवलेले असावे किंवा त्यातील वाढीव अधिकार मागण्याची सोय वापरावी. पासवर्ड इथल्याच व्यक्तीने टाइप करावा, फोनवर सांगू नये.

चौकटीत काय वाचायचे

प्रोग्रामवरील डिजिटल स्वाक्षरी पडताळली गेली असेल तर चौकटीची पट्टी निळी असते आणि निर्मात्याचे नाव दिसते. निर्माता अज्ञात असेल तर ती पिवळी होते. ‘शो मोअर डिटेल्स’ दाबल्यास फाइलीचा मार्ग दिसतो, आणि तो ‘डाउनलोड्स’ किंवा ‘टेम्प’ या फोल्डरचा असून आपण स्वतः काही बसवायला घेतलेले नसेल, तर ‘नो’ दाबून जबाबदार व्यक्तीला बोलवावे. सोलापूरच्या पूर्व भागातील कार्यालयांत तेलुगू मातृभाषा असलेले कर्मचारी बरेच असतात, त्यामुळे ही सूचना मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही भाषांत लिहून संगणकाजवळ लावावी. त्यात पासवर्डचा उल्लेख अर्थातच नको.

चाचणी

जीएसटीची विवरणपत्रे भरण्याच्या ११ आणि २० या तारखा टाळून हे काम हाती घ्यावे. शेवटी रोजच्या खात्यात लॉगिन करून ‘कमांड प्रॉम्प्ट’वर उजवे क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडावे: पडदा अंधारून पासवर्ड मागितला गेला पाहिजे, आणि ‘ऑटोमॅटिकली डिनाय’ ठेवलेल्या संगणकावर थेट नकार मिळाला पाहिजे. त्यानंतर याच खात्यातून एक बिल काढावे, ते छापावे, डिजिटल सही करावी, आणि तेच बिल दुसऱ्या खात्यातून उघडून पाहावे. ते तिथे दिसले नाही, तर ‘व्हर्च्युअलस्टोअर’मध्ये काय साठले आहे ते तपासून मगच पुढची बिले काढावीत. पासवर्ड माहीत असलेली व्यक्ती नोकरी सोडून गेल्यास प्रत्येक संगणकावरील ‘देखभाल’ खात्याचा पासवर्ड आणि सुरक्षा प्रश्नांची उत्तरे त्याच दिवशी बदलून तिजोरीतील कागद नव्याने लिहावा.