'केअरलेस'च्या पलीकडे: गबाळेपणासाठी नेमका इंग्रजी शब्द कसा निवडावा

गबाळेपणा कोणत्याही प्रकारचा असो, इंग्रजीत लिहिताना आपल्या हाताशी बहुधा दोनच शब्द येतात: वस्तूसाठी 'डर्टी' आणि माणसासाठी 'केअरलेस'. मात्र धुतलेले कपडे नुसते पलंगावर पसरलेले असताना त्यांना 'डर्टी' म्हटले तर ते मळलेले ठरतात, आणि एखाद्या वेंधळ्या सहकाऱ्याला 'केअरलेस' म्हटले तर त्याच्यावर ठपका येतो. म्हणून शब्दकोश उघडण्याआधी हीच गोष्ट आपण मराठीत कशी सांगितली असती, ते ठरवावे. पसारा, अजागळ, धांदरट, ढिसाळ, थातुरमातुर, हलगर्जी आणि बेदरकार यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी आपण कधीच ठेवत नाही. इंग्रजीतही तीच शिस्त पाळावी लागते.

जागेविषयी लिहायचे असेल तर फारसे अवघड नाही. वस्तू जागच्या जागी नाहीत एवढेच सांगायचे असल्यास 'अनटायडी' पुरतो. 'मेसी' हा त्याहून बोलीतला शब्द असून त्यात सांडलवंडही येते. शिवाय तो कटू, गुंतागुंतीच्या प्रकरणालाही लागतो, म्हणूनच 'मेसी डिव्होर्स' असे म्हणतात. वस्तूंची नुसती दाटी झाली असेल तर 'क्लटर्ड' म्हणावे. 'स्क्वॉलिड' मात्र जपून वापरावा, कारण त्यात घाणीबरोबर बहुधा दारिद्र्याचीही छटा असते आणि मुलांच्या अस्ताव्यस्त खोलीला तो फारच जड होतो.

माणसाच्या रूपाविषयीचे शब्द अधिक बारकाईने पाहावे लागतात. 'अनकेम्प्ट'चा मूळ अर्थ 'न विंचरलेला' असा आहे, आणि 'डिशेव्हल्ड'च्या मुळाशीही जुन्या फ्रेंच भाषेतला केसांसाठीचा शब्द आहे. आज दोन्ही शब्द कपड्यांनाही लागत असले, तरी त्यांतला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे: 'अनकेम्प्ट' माणसाने स्वतःकडे बरेच दिवस लक्ष दिलेले नसते, तर सकाळी नीट आवरून निघालेला माणूसही गर्दीच्या लोकलमधून उतरताना 'डिशेव्हल्ड' दिसू शकतो. 'स्क्रफी' हा बोलण्यातला, काहीसा मळकट अर्थाचा शब्द आहे, पण कुत्र्याच्या पिल्लाविषयी तो लाडानेही वापरतात. 'शॅबी' म्हणजे वापरून झिजलेले, विटलेले. त्यात दोष माणसाचा असेलच असे नाही. या सर्वांत कठोर शब्द 'स्लव्हन्ली', कारण तो एका दिवसाची अवस्था नव्हे, तर अंगात मुरलेली गबाळी सवय सांगतो.

कामाचा दर्जा सांगताना आधी कारण शोधावे, कारण इथले शब्द परिणामापेक्षा कारणानेच वेगळे होतात. घाईघाईत कसेबसे उरकलेले काम 'स्लॅपडॅश' असते. लक्ष न दिल्याने ढिले राहिलेले, आकडे आणि शुद्धलेखन न तपासलेले काम 'स्लॉपी' होय. 'स्लिपशॉड'चा अर्थही जवळपास तोच, पण हा शब्द लेखी भाषेत अधिक शोभतो. मुळात तो सैल सपाता घालून फरफटत चालणाऱ्यासाठी वापरला जात होता. 'पर्फंक्टरी' मात्र या सर्वांहून निराळा आहे, आणि माझ्या मते आपल्याकडच्या लेखनात तो हवा तितका वापरला जात नाही. पर्फंक्टरी तपासणीत सगळे रकाने भरलेले असतात, सही-शिक्का जागेवर असतो, वरवर पाहता गबाळेपणा शोधूनही सापडत नाही; फक्त करणाऱ्याचे मन त्यात नसते. आपण ज्याला 'पाट्या टाकणे' म्हणतो, त्याच्या इतका जवळ जाणारा दुसरा इंग्रजी शब्द मला माहीत नाही.

वागण्यातल्या निष्काळजीपणाला चढत्या पायऱ्या आहेत. 'केअरलेस' म्हणजे लक्ष नसणे. 'नेग्लिजंट' म्हणजे जी काळजी घेणे कर्तव्य होते तीत हयगय करणे. 'रेकलेस' म्हणजे धोका दिसत असूनही तो पत्करणे, अर्थात बेदरकारपणा. कायद्यात असे शब्द तोलून वापरलेले असतात: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या इंग्रजी पाठात, मृत्यूस कारण ठरणाऱ्या कृतीसाठी 'रॅश ऑर नेग्लिजंट' असे शब्द आहेत, आणि 'केअरलेस' म्हणून तिथे भागले नसते. 'नेग्लिजंट' आणि 'नेग्लिजिबल' यांची गल्लत टाळावी, कारण दुसऱ्याचा अर्थ 'नगण्य' असा आहे. त्याचप्रमाणे 'केअरफ्री' म्हणजे निष्काळजी नव्हे, तर निश्चिंत.

शेवटी, समोरच्याला उद्देशून लिहिताना विशेषण कृतीला लावावे, माणसाला नव्हे. 'स्लॉब' (गबाळा माणूस) हे नाम मित्रांच्या थट्टेतच ठीक. 'स्लॅटर्न' आता जुनाट झाला आहे, आणि तो केवळ स्त्रियांना हिणवण्यासाठी वापरला जात असल्याने टाळलेलाच बरा. कार्यालयीन पत्रात सहकाऱ्याची एखादी चूक नजरचुकीने झाली असेल तर 'ओव्हरसाइट' लिहावे. आपल्याच हातून एखाद्याचे आभार मानायचे राहत असतील, तर 'आय वुड बी रिमिस' (आभार मानले नाहीत तर ती माझी हयगय ठरेल) अशी सुरुवात करण्याची औपचारिक भाषणांतली रीत आहे, आणि ती तिथेच शोभते.